दोनशे चोवीस किलो

मार्च संपत आला की मी मनातल्या मनात वजाबाकी करू लागते. जळगावात माझ्या घराच्या ओसरीत एक साधा तापमापक टांगलेला आहे. सकाळ-दुपार चहाचा कप हातात घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहते. पारा तिशीवर दिसला की डोक्यात उमटतं, दोनशे अठरा. छत्तीस, म्हणजे दोनशे चौदा. बेचाळीस, म्हणजे दोनशे दहा. शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून कूलरच्या वाळ्याविषयी काहीतरी विचारत असतात आणि मी नुसती मान हलवत असते. हे आकडे किलोंचे आहेत. माझ्या काकांनी, म्हणजे नानांनी, भडगावला एक हेलिकॉप्टर बांधलं होतं. त्याची पाती त्या त्या तापमानाला किती वजन उचलू शकतील, त्याचा तो हिशेब. यंत्र कधीच मोडीत गेलं, पण हिशेब माझ्या अंगातून गेलेला नाही.

आमच्याकडचा उन्हाळा हळूहळू येत नाही. एका सकाळी पश्चिमेचा वारा कोरडा होतो, केळीच्या पानांच्या चिंध्या होतात, वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर करकरायला लागतात. गिरणेचं पात्र आटून दोन-तीन धारांवर येतं आणि मधल्या वाळूत टरबुजांच्या वाड्या दिसू लागतात. बाकीच्यांना त्यात उन्हाळा दिसतो. मला मात्र हवा विरळ होताना दिसते. तापलेली हवा पसरते, हलकी होते, आणि हलकी हवा पात्यांना आधार देत नाही. हे वाक्य मी वर्गात तीसेक वर्षं शिकवलं. पण ते मला समजलं त्या एका ऋतूत. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. जळगावच्या एका कॉलेजात तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवत होते आणि दर रविवारी एसटीने भडगावला घरी जात होते.

नानांचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला होतं. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की लोक तिथे आणत. दुकानात तांब्याच्या तारेचा आणि गरम वार्निशचा वास कायम भरलेला असे. नाना सातवी शिकलेले, पण कुठलंही यंत्र कानाने ओळखणारे. एका निवडणुकीत कोणी पुढारी हेलिकॉप्टरने आले, तेव्हा सगळं गाव पुढाऱ्याकडे बघत होतं आणि नाना पात्यांकडे. घरी येऊन त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. पंखा बंद असताना पाती टोकाला खाली लवलेली होती. फिरायला लागल्यावर सरळ झाली. आणि यंत्र उठायच्या क्षणी ती टोकाला वर वाकली. “म्हणजे त्या वखतले बठ्ठं वजन त्या पात्यासवर टांगेल व्हतं,” नाना म्हणाले. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. इतकी नेमकी गोष्ट माझ्या एकाही पुस्तकात नव्हती.

त्यानंतर तीन वर्षं दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते यंत्र उभं राहत गेलं. पाईपचा सांगाडा, भंगारातल्या मोटारीचं इंजिन, शेपटीला लहान पंखा. मुख्य पाती शिवणीच्या लाकडाची होती, प्रत्येकी दहा फूट लांब, वरून कापड ताणून वार्निश केलेली. नाना ती पाती हाताच्या बोटांनी तपासत. डोळे मिटून अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत आणि केसाइतका उंचवटा लागला की तिथे पॉलिशपेपर घेऊन बसत.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. इंजिन चालत होतं, पाती फिरत होती, सगळं जुळलं होतं. आता एकच प्रश्न उरला होता.

“सुधा, तू कालेजमा शिकाडस ना? मंग सांग, हाई कितलं उचली?”

मी टेप घेतली. पात्याची लांबी, रुंदी, कोन. फेऱ्या मोजायचं यंत्र दुकानात होतंच. इंजिनची ताकद, पंखा फिरवणाऱ्या पट्ट्यांत वाया जाणारी ताकद. तत्त्व अवघड नाही. पाती हवेला खाली ढकलतात. दर सेकंदाला किती हवा, किती वेगाने खाली गेली, त्यावर यंत्राला वर किती जोर मिळणार ते ठरतं. पण त्यातली प्रत्येक गोष्ट अंदाजाची होती. लाकूड हातानं तासलेलं, इंजिन म्हातारं, कोन दोन पात्यांचा अर्ध्या अंशाने वेगळा.

वही उघडून मी ओसरीवर बसले, तेव्हा काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. काकू म्हणजे नानांच्या पत्नी. मूल नव्हतं त्यांना. बोलणं कमी, पण जे बोलत ते थेट. तांब्या ठेवून त्या वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “माय, तू कमीच सांग. त्यासनं मन मोडी ते मोडी, हाडं तरी मोडाव नहीत.”

मी पाणी प्यायले. लॉगची कोष्टकं उघडली. दोन वेळा हिशेब केला, तिसऱ्यांदा उलट बाजूने केला. उत्तर आलं दोनशे चोवीस किलो. मग आम्ही गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या काट्यावर यंत्र तोललं. एकशे अडुसष्ट. नाना स्वतः चढले. चौसष्ट. दोन्ही मिळून दोनशे बत्तीस.

आठ किलो कमी पडत होते.

मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. खोटं बोलावं लागलं नव्हतं आणि काकूंना हवं तेच झालं होतं. नानांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बस आठच?”

त्या दोन शब्दांतला आनंद मला त्या दिवशी कळला नाही.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा शेडमध्ये खुर्चीची गादी काढलेली होती. पत्र्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून जाळी केलेली होती. यंत्र दोन किलोंनी हलकं झालं होतं. दुपारी जेवायला बसलो तर नानांनी एक भाकरी मोडली, अर्धी खाल्ली आणि अर्धी टोपलीत परत ठेवली. पोट बरं नसेल असं मला वाटलं. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला त्याच्या पुढच्या रविवारी समजलं, जेव्हा नानांच्या सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल दिसली. चौसष्टचे साठ करायचे होते त्यांना. साठचे अठ्ठावन्न.

आणि इकडे पारा चढत होता. फेब्रुवारीत सकाळी बावीस अंशाला काढलेला माझा आकडा मार्चच्या मध्यावर तिशीला टिकणार नव्हता. हे सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं. “नाना, आता दोनशे अठरा.” त्यांनी मान डोलावली, जणू पाऊस उशिरा येणार असल्याचं कुणी सांगितलं आहे. त्या रात्री ते फक्त ताक प्यायले.

हाताशी आलेली गोष्ट पुढे पुढे सरकत राहावी, तसा तो महिना गेला. नाना किलो-किलोने झिजत होते आणि आकडा त्यांच्यापुढे पळत होता. जळगावात परीक्षांचा हंगाम सुरू झाला होता. मी प्रयोगशाळेत मुलांचे लोलक मोजताना उभी असायची आणि खिडकीबाहेरचं पांढरं ऊन बघून वजाबाकी करायची. अजून एक अंश. अजून पाऊण किलो. माणूस स्वतःच्या अंगातून ते पाऊण किलो आणणार होता.

काकूंनी एका रविवारी मला विहिरीपाशी गाठलं. हातात धुण्याची बादली तशीच धरून म्हणाल्या, “मी कमी सांग म्हनी व्हती ना? चुकनं मनं. आते जास्त सांग. दहा-बारा किलो वाढाडी दे. कागदवरच ते शे.”

“काकू, कागदावर वाढवलं तर ते खरंच चढतील त्यात.”

“आनि नही वाढाडं ते? दखस ना तू त्यासले?”

मी बघत होते. चिमणीच्या काचेसारखी कातडी झाली होती नानांची. गालाची हाडं वर आली होती. पण हात स्थिर होते आणि डोळ्यांत असं काही होतं की त्यांना रागावायला जीभ वळत नसे. आकडा म्हणजे कागदावरची शाई असं मी तोवर मानत आले होते. माझा आकडा रोज त्या घरात जेवायला बसत होता आणि एका ताटातलं अन्न उचलून परत टोपलीत टाकत होता.

त्याच दिवशी संध्याकाळी जिनिंगमध्ये वजन करायला गेलो. हंगाम संपलेला, आवार रिकामं, सगळीकडे सरकीचा तेलकट वास आणि कोपऱ्या-कोपऱ्यांत चिकटलेला कापसाचा भुरभुराट. नाना चढून उतरले. साठ. मग ते काट्याजवळ उभे राहिले, तबकडीवर हात ठेवून. शेवटी माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “तुनं वजन कितलं शे?”

मी काट्यावर चढले. काटा थरथरला आणि त्रेचाळीसवर थांबला.

आम्ही दोघंही तो आकडा बघत राहिलो. एकशे सहासष्ट आणि त्रेचाळीस, दोनशे नऊ, माझ्या कागदावरच्या आकड्याच्या आत. मला बेरीज करावी लागली नाही, नानांनाही लागली नसणार. त्या यंत्राचे सगळे दांडे मला माहीत होते. कोणता ओढला की कोन वाढतो, कोणता पायाने दाबला की शेपूट वळते. मला भीती वाटलीच, पण तिच्याबरोबर दुसरंही काही होतं. हे मी त्यानंतर कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

“उतर,” नाना एकदम म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. “खाले उतर. मी काही इचारं नही. समजनं?”

मी उतरले. घरापर्यंत नाना माझ्यापुढे चार पावलं चालत होते, लाज वाटलेल्या माणसासारखे.

आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या एका प्रश्नाने त्यांना आतून हलवलं असावं. कारण पुढच्याच आठवड्यात त्यांनी माझ्या कागदाचा नाद सोडला. आकडा प्रत्यक्ष मोजायचं ठरवलं. यंत्र जिनिंगच्या त्याच मोठ्या काट्यावर उभं केलं, साखळ्यांनी फळीला जखडलं आणि वाळूची पोती रचून एकूण वजन तीनशे किलो केलं. इंजिनाचा वेग वाढवणारी तार लांबवर ओढून घेतली. कल्पना इतकी सरळ होती की मला आधी सुचली नाही म्हणून वाईट वाटलं. पाती फिरली की ती यंत्राला वर ओढतील आणि तितकं वजन काट्यावरून कमी होईल. जे कमी होईल, तीच खरी उचल.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी, सकाळी नऊ वाजता नानांनी तार ओढली. पात्यांचा आवाज आधी फटफट, मग घोंघावणारा, मग एकसंध. आवारातला सगळा कापूस उठला. मी तोंडाला पदर बांधून तबकडीसमोर उभी होते. दोनशे ऐंशी. दोनशे वीस. काटा डगमगत खाली येत राहिला. एकशे दहा. ऐंशी. नानांनी तार पूर्ण ओढली. काटा त्रेपन्नवर थांबला आणि तिथेच थरथरत राहिला.

तीनशेतून त्रेपन्न गेले, दोनशे सत्तेचाळीस.

त्या दिवशी तेहतीस अंश होते. माझा कागद म्हणत होता, दोनशे सोळा.

नाना धावत आले. धूळ आणि कापसाने पांढरे झालेले, डोळे लाल. काटा त्यांनी स्वतः वाचला, तीनदा वाचला. मग माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की मी पुढे कोलमडले. ते हसत होते. एवढे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घरी काकूंनी वरण-बट्टी केली आणि नानांनी महिन्यानंतर पोटभर जेवण केलं. तुपात बुडवलेल्या चार बट्ट्या. काकू प्रत्येक वेळी वाढताना माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या बघण्यात कृतज्ञता होती, जणू तो आकडा मीच वाढवून दिला होता.

एकतीस किलोंची चूक. माझ्या चुकीच्या हिशेबाने मी एका माणसाला महिनाभर उपाशी ठेवलं होतं. वर्गात उभं राहायचा मला काय अधिकार होता?

जेवता जेवता नानांनी जाहीर केलं, आखाजीला उडायचं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे तिचं मोल दिवाळीइतकं. लेकी माहेरी आलेल्या असतात, कडुनिंबांना झोके बांधलेले असतात. “आखाजीले बठ्ठा गाव नदीवर येस,” नाना म्हणाले. घाटाशेजारच्या उंच तीरावरून उठायचं, गिरणेच्या वाळूवरून पलीकडे जायचं आणि समोरच्या पडीक शेतात उतरायचं. दोनेक फर्लांगांचं अंतर. वाऱ्यासारखी बातमी गावभर झाली.

तीन आठवडे मी तो हिशेब पुन्हा पुन्हा केला. परीक्षेच्या हॉलमध्ये रांगांमधून फिरताना, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर कोपर टेकून. प्रत्येक वेळी उत्तर तेच. कागद चुकला असेल तर कुठे? आणि चुकला नसेल तर काटा कसा काय चुकला? काट्यावर शंका घ्यायला मन धजत नव्हतं, कारण काट्याच्या बाजूने नानांचं हसू होतं, चार बट्ट्या होत्या, काकूंची नजर होती. मला चूक ठरायचंच होतं. तरी आत काहीतरी रुतत होतं.

आखाजी दोन दिवसांवर आली तेव्हा मी धुळ्याची एसटी पकडली. तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कुलकर्णी सर म्हणून होते. हवाई दलात हेलिकॉप्टरच्या देखभालीत उमेदीची वर्षं घालवून इथे वर्कशॉप सांभाळायला आलेले. एका मैत्रिणीकडून नाव कळलं होतं. पारोळ्याच्या पुढे गाडी उन्हात नुसती भाजत होती. खिडकीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. कुलकर्णी सरांनी माझी वही शेवटपर्यंत शांतपणे वाचली. चूक काढली नाही. मग विचारलं, “काट्यावर पाती जमिनीपासून किती उंच होती?”

“सात फूट.”

“आणि पातं दहा फुटांचं?”

“हो.”

त्यांनी आपला तळहात टेबलापासून चार बोटं वर धरला. “पाती हवा खाली फेकतात. खाली लगेच जमीन असली की ती हवा मोकळी निघून जात नाही. तिथेच दबते, आणि यंत्र त्या दाबावर टेकून राहतं. आम्ही त्याला हवेची उशी म्हणायचो. जमिनीजवळ उचल जास्तच दिसणार. वर गेलं की उशी संपते, मग तुमचा कागद खरा.” त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. “उडणार कुठून आहेत?”

“नदीच्या तीरावरून. पंचवीस फूट दरड आहे. पुढे पात्र.”

त्यांचा हात वहीवरच राहिला. “तुमचे कोण?”

“काका.”

“आजच जा,” ते म्हणाले.

भडगावला पोहोचले तेव्हा दिवस मावळत होता. नाना दुकानात एकटेच होते, पात्यांना शेवटचं वार्निश देत. मी तिथेच, दारात उभी राहून सगळं सांगितलं. जमिनीवर यंत्र उठेल. तीरावर उठेल. दरडीच्या कडेवरून पुढे सरकलं की पायाखालची जमीन पंचवीस फूट खाली जाईल, उशी नाहीशी होईल आणि यंत्र उचल गमावून खाली जाईल. नानांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

“काटा खोटं बोलाव नही.”

“खोटं नाही बोलला, नाना. पण तो जमिनीवर बसून बोलला. तीरापलीकडे जमीन कुठे आहे?”

“तुना कागद दोन महिनापासून माले खाले ओढी राहिना.” एवढंच बोलून ते थांबले. रागाने बोललेले नव्हते. थकून बोललेले होते, आणि ते जास्त लागलं. मी म्हणाले, “नाना, एकच मागते. नदीवर जाण्याआधी जिनिंगच्या आवारात उडा. चार बाजूंना चार खुंट्या, चार दोर, दहा-दहा फुटांचे. दोर ताणले गेले, म्हणजे यंत्र उशीच्या वर गेलं, तर तिथूनच नदीवर चला. मी स्वतः यंत्र ढकलत नेईन. एक शब्द बोलणार नाही.”

नाना आयुष्यभर तपासून बघण्यावर जगलेले होते. न तपासता त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हातात मोटार दिली नव्हती. वार्निश वाळत होतं. मग त्यांनी ब्रश उचलला आणि म्हणाले, “दोर मी बांधसु. तू गाठ मारशी ते सुटी जाई.”

आखाजीची सकाळ. गल्लीतून झोक्यांवरच्या बायकांची गाणी येत होती, घराघरांतून पुरण शिजल्याचा वास. आम्ही पहाटे सहाला जिनिंगमध्ये होतो, गार हवा मिळावी म्हणून. पण इंजिन चालू होईना. नानांनी कार्बुरेटर उघडला, नळी फुंकली, पुन्हा बसवली. सात वाजले. आठ. गाव नदीवर जमलं होतं, ते कळून आवारात यायला लागलं. भिंतीवर माणसं, पत्र्यांवर माणसं. माझ्या हातात तापमापक होता आणि मला तो कुठेतरी फेकून द्यावासा वाटत होता. बत्तीस. चौतीस. नऊ वाजता छत्तीस. नाना घामाने निथळत होते आणि एकदाही त्यांनी मला पारा विचारला नाही. साडेनऊला इंजिन सुरू झालं. पारा अडतीसवर होता. दोनशे बारा, माझ्या मनाने म्हटलं. नाना आणि यंत्र मिळून दोनशे सव्वीस.

काकू फाटकाजवळ उभ्या होत्या. त्या आत येत नव्हत्या आणि परतही जात नव्हत्या.

पात्यांनी वेग घेतला. लोकांनी डोळ्यांवर हात धरले. मला पात्यांची टोकं वर वाकताना दिसली. यंत्र एकदम जमिनीपासून सुटलं आणि आवारातून असा आवाज उठला की इंजिन ऐकू येईनासं झालं. एक फूट. दोन फूट. मी सेकंद मोजत होते. यंत्र डोलत होतं, नानांचे हात दांड्यांवर आणि चेहरा दगडासारखा. तीन फूट. माणसाच्या कमरेइतकं. आणि तिथेच.

मी दोरांकडे बघत होते. चारही दोर जमिनीवर वेटोळी घालून पडले होते. सैल. नानांनी दांडा पूर्ण ओढलेला मला दिसत होता, इंजिन ओरडत होतं, आणि यंत्र एक वीतही वर जात नव्हतं. बत्तीस सेकंद, तेहतीस. लोक टाळ्या वाजवत होते, आखाजीच्या दिवशी भडगावच्या माणसाने आकाशात पाय उचलला म्हणून बेभान झाले होते. त्या सगळ्या आवारात दोघांनाच दोर दिसत होते. एकेचाळीसाव्या सेकंदाला नानांनी मान खाली वाकवून डावीकडचा दोर पाहिला. मग उजवीकडचा. मग माझ्याकडे पाहिलं. आणि अलगद, मोटार खोक्यात ठेवावी तसं, त्यांनी यंत्र खाली ठेवलं.

लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. “चला, नदीवर चला!” कुणी ओरडलं. नानांनी हात जोडले. “बस,” म्हणाले. “आज इतलंच.” त्यांनी कारण सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. गावाला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं.

ते यंत्र पुन्हा उडालं नाही. पुढच्या हिवाळ्यात नाना म्हणाले, इंजिन बदलायला हवं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते काही म्हणाले नाहीत. मोटारींचं काम मात्र शेवटपर्यंत केलं. मला कधी कधी विचारतात, तुम्हाला त्यांचं स्वप्न अडवल्याचं वाईट वाटतं का? वाटतं. ज्या माणसाने उपाशी राहून चार किलो कमावले त्याला मी दर वेळी नाही म्हटलं, आणि दर वेळी बरोबर होते. बरोबर असण्यात इतका एकटेपणा असतो हे कुणी शिकवलं नव्हतं. पण उन्हाळ्यात पारा बघताना मला शेवटी आठवते ती उड्डाणाची सकाळ नाही, काट्याची तबकडीही नाही. आठवते त्याच दिवशीची दुपार.

स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो. नाना पाटावर बसले होते. अंगावर अजून कापसाचे तंतू. काकू पोळ्या लाटत होत्या, वाटीत आमरस होता. नानांनी दुसरी पोळी संपवली आणि मला सरळ विचारलं, “तीरवर उशी सरी जाती. मंग मी खालेच जातू ना?”

“हो.”

“कितला खाले?”

“पंचवीस फूट. वाळूत. पाती चालू असताना.”

नानांनी मान डोलावली आणि रसाची वाटी तोंडाला लावली. काकूंचं लाटणं थांबलं. दरडीची गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. त्या नुसत्या बसून राहिल्या, हात पिठात तसेच. तव्यावरची पोळी करपायला लागली. नाना म्हणाले, पोळी. काकूंनी ती उतरवली, चुलीतलं जळण मागे ओढलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता रडतील किंवा ओरडतील.

“तो आकडा कसा काढतस, माले सांग,” त्या म्हणाल्या.

“काकू, त्याला फार…”

“सुरूपासून सांग. माले घाई नही शे.”

त्यांनी परात पुढे ओढली, तिच्यातलं कोरडं पीठ तळव्याने सारखं पसरवलं आणि ती माझ्यासमोर ठेवली.

“आठे लिख.”